बाणाच्या दिशेने पिवळे

सासूबाईंच्या गुडघ्यातलं पाणी दुपारी अडीच वाजता लॅबमध्ये आलं. बोटभर काचेची नळी, तिच्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर सासूबाईंचं नाव, वय अडुसष्ट, उजवा गुडघा. लॅबमध्ये काम करणाऱ्या सुनेने ते नाव तीनदा वाचलं. सकाळी दवाखान्यात जिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून ती कामावर आली होती, ती बाई आता आठ मिलीलिटर होऊन तिच्या टेबलावर उभी होती. पाणी म्हणायचं आपलं. तांदूळ धुतल्यावर उरतं तसं गढूळ होतं ते.

गुडघा दोन दिवसांपूर्वी सुजला होता. आठवडाभर पोट बिघडलेलं, त्यातून उठतात न उठतात तोच हे. काल त्यांनी पलंगावरून पाय खाली सोडला आणि तिथेच थांबल्या. गुडघा भोपळ्यासारखा टमटमीत, हात लावला की चटका बसावा इतका गरम, आणि अंगात ताप. आज पहाटे नवऱ्याने त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या हाडांच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. तोही तिथेच होता, आठ महिन्यांच्या लेकीला खांद्यावर टाकून. लेकीला घरात सगळे ढबू म्हणत.

नळीच्या पाठोपाठ डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, तुमच्या घरचंच पेशंट आहे, माहीत आहे मला. पण तुमच्या मॅडम गावाला गेल्यात आणि दुसऱ्या लॅबकडे हे यंत्र नाही. मला सहाच्या आत सांगा."

"काय शोधू, सर?"

"स्फटिक. सांध्यात खडे धरले की गुडघा असाच पेटतो. खडे दिसले तर मी थांबेन. नाही दिसले तर आत जंतू आहेत असं धरून आजच गुडघा उघडून धुवावा लागेल. आणि आईंचं हृदय तुम्हाला माहीत आहे. भूल द्यायला मी खूश नाही."

"आणि खडेही असले, जंतूही असले तर?"

"तसंही असतं. म्हणून तर नीट बघा म्हणतो."

इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावर ती. जंतूंसाठी रंग देऊन पाहिलेल्या काचेवर तिला काही दिसलं नव्हतं, पण जंतू न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते वाढवून बघायला दोन दिवस लागतात. डॉक्टरांकडे सहापर्यंतचाच वेळ होता.

लॅब म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर हातोडीची टकटक यायची. स्फटिक बघायचं यंत्र मॅडमनी घरच्या घरी केलेलं होतं. साध्या मायक्रोस्कोपमध्ये गडद काचेच्या दोन चकत्या, एक दिव्यावर, एक वर. त्या एकमेकींना आडव्या फिरवल्या की सगळं काळं होतं आणि काळ्यात फक्त खडे चमकतात. मधे एक तिसरी काच सरकवायची, तिच्यावर साध्या चिकटपट्टीचे दोन थर. त्या थरांनी काळ्याचं जांभळट गुलाबी होतं आणि खडे रंग घेतात. काचेच्या कडेला मॅडमनी शाईने एक बाण काढला होता. गाऊटचा खडा, म्हणजे युरिक अॅसिडचा, सुईसारखा लांब, टोकदार. तो बाणाच्या दिशेने पडला तर पिवळा दिसतो, आडवा पडला तर निळा. दुसरा एक खडा असतो, कॅल्शियमचा. आखूड, चौकोनी, फिक्कट, आणि त्याचा रंग बरोबर उलटा. एवढंच शास्त्र. पण एवढ्यावर माणसाचं औषध बदलतं.

तिने थेंब काचेवर टाकला, वर पातळ काच ठेवली, डोळा लावला.

खडे होते. भरपूर होते. गुलाबी अंधारात झगझगीत काड्या, आणि बाणाच्या दिशेने पिवळ्या.

तिने मोठा श्वास सोडला. गाऊट. गुडघा उघडायला नको. एक हात फोनकडे गेलाही. मग दुसऱ्यांदा डोळा लावला आणि हात तिथेच राहिला.

काड्या टोकदार नव्हत्या. बोथट होत्या, मधेच मोडलेल्या खडूसारख्या. शिवाय सगळ्या मोकळ्या तरंगत होत्या. गाऊटच्या सुया पांढऱ्या पेशींच्या पोटात घुसलेल्या सापडतात, चण्यात टोचलेल्या टाचणीसारख्या. इथे पेशी एकीकडे, काड्या एकीकडे, जसे एका लग्नात आलेले दोन अनोळखी घरांचे पाहुणे.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ह्या काड्या तिने आज सकाळीच पाहिल्या होत्या.

यंत्र बरोबर चालतंय का हे तपासायला मॅडमनी एक नमुन्याची काच करून ठेवलेली. सांध्यात टोचायच्या एका इंजेक्शनाचा थेंब तिच्यावर वाळवलेला. त्या औषधाचेही खडेच असतात. रोज सकाळी आधी ती काच बघायची, रंग बरोबर येतात ना पाहायचं, मग पेशंटची. तिने आज पाहिली होती. ह्याच त्या काड्या.

म्हणजे तिने चुकून नमुन्याची काच लावली.

चुकणं शक्य होतं. ढबूला दात येत होते आणि रात्रीचे तुकडे तुकडे झाले होते. गेल्या आठवड्यात तिने मिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवून दूध फडताळात ठेवलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या लघवीच्या रिपोर्टवर ढबूच्या लशीची तारीख लिहिली होती. मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "आमची बाळंतीण अजून बाळंतपणातच आहे." तेव्हापासून लॅबमध्ये तिचं नाव बाळंतीण.

तिने काच काढली. खाली तिच्याच अक्षरात सासूबाईंचं नाव. नमुन्याची काच तिच्या डबीत, झाकण लावलेली.

मग थेंब सोडायची नळी खराब असेल. तिने नवी घेतली, नवी काच, नवा थेंब. त्याच काड्या. तिसऱ्यांदा हातमोजे बदलले, काच स्पिरिटने पुसली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थेंब टाकला. त्याच. मग तिला वाटलं बाणच उलटा आहे. मग वाटलं डोळेच उलटे आहेत. खालची टकटक थेट कपाळात होत होती.

साडेतीनला तिने मॅडमना फोन लावला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा कल्लोळ होता.

"काच बदललीस का?" मॅडमनी सगळं ऐकून विचारलं.

"तीनदा."

"मग गुडघ्यात कुणीतरी इंजेक्शन दिलंय. महिन्या-दोन महिन्यांत. ते खडे रेंगाळतात आत."

"नाही हो मॅडम. डॉक्टरांनी विचारलं त्यांना सकाळी. नाही म्हणाल्या. आणि सुईला त्या इतक्या भितात, ढबूला लस देताना ह्या बाहेर जाऊन उभ्या राहतात."

"माणसं मला विचारू नकोस, बाळंतिणी. मी काचा वाचते. काच खोटं बोलत नाही."

"आणि मी गाऊट लिहून टाकलं असतं तर?"

"तर डॉक्टर निर्धास्त झाले असते," मॅडम म्हणाल्या, "आणि बाहेरच्या सुईबरोबर जंतू आत गेले असते, तर ते तुझ्या रिपोर्टच्या आड लपून बसले असते. जा, विचार सासूला."

तिने नळी जपून ठेवली, समोरच्या काउंटरवर "अर्ध्या तासात येते" सांगितलं आणि निघाली. दोन गल्ल्या ती चालली की धावली हे तिला नंतर आठवेना. डोक्यात एकच घोळ. सासूबाई खोटं बोलतील? सासूबाई, ज्या भाजीवाल्याने जास्त दिलेली जुडी परत करायला जिना उतरून जातात?

खोलीत नवरा खिडकीशी उभा होता आणि ढबू त्याच्या शर्टाचं बटण चावत होती. सासूबाई उशीला टेकून, गुडघ्याखाली दुसरी उशी, चादर गुडघ्यावर टेकू नये म्हणून बाजूला केलेली. चादरीचं वजनही सोसत नव्हतं.

"काय गं, एवढ्या लवकर? पाणी बघून झालं माझं?" त्या म्हणाल्या.

"बघतेय अजून." मग ती नवऱ्याला म्हणाली, "तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. हिला घेऊन खाली जाऊन ये. मी आहे."

तो गेला. ती स्टुलावर बसली. सरळ विचारायचं ठरवून आली होती, पण समोर ते तापाने लाल झालेलं तोंड पाहिलं आणि शब्द गोल गोल फिरू लागले.

"आई, मला खडे दिसलेत तुमच्या गुडघ्यात."

"हात्तिच्या. मग बरंच की. डॉक्टर म्हणत होते खडे असले तर बरं."

"पण ते तुमचे नाहीत."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्या गुडघ्यात शेजारणीचे असतील का मग? झोप झाली नाही तुझी. जरा पड इथे."

"ते इंजेक्शनाचे आहेत. सांध्यात टोचतात त्या."

सासूबाईंनी चादरीची कड बोटांनी दुमडली, परत उलगडली.

"आई, तुम्ही कुठे इंजेक्शन घेतलंत?"

"सकाळी नाही म्हटलं ना मी डॉक्टरांना."

"म्हटलंत. म्हणूनच विचारते."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. ती लांब जाईपर्यंत सासूबाई थांबल्या.

"पुलापलीकडे एक जण बसतो," त्या म्हणाल्या. "इस्त्रीवालीने सांगितलं. तिचा पाय त्याने पळता केला. पाच आठवडे झाले."

"एकट्या गेलात?"

"एकटी कशी जाणार? ढबूला कुठे टाकू? झोळीत घेऊन गेले. मांडीवरच होती. मी डोळे घट्ट मिटले, तिने सगळं टक लावून पाहिलं. ती नाही रडली हो. मीच रडले."

तिला हसू आलं की रडू, ते कळलं नाही.

"का पण? मला सांगायचं नाही?"

"तू कामावर जायला लागून दोन आठवडे झाले होते. सकाळी डबा भरताना गुणगुणत होतीस. बाळंतपणानंतर पहिल्यांदा ऐकलं मी. गुडघा दुखतो म्हटलं असतं, तर डबा तिथेच ठेवून घरी बसली असतीस. माहीत आहेस मला तू." त्यांनी श्वास घेतला. "आणि गुण आला की. तीन आठवडे जिना कसा चढले विचार ढबूला."

"मग सकाळी डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंत?"

"तो उभा होता ना शेजारी." तो म्हणजे त्यांचा मुलगा. "त्याला कळलं की तो एक तर तुला घरी बसवेल, नाहीतर मला. मला दोन्ही नको. तू डॉक्टरांना सांग, पण कागदावर नको लिहूस. कागद तोच आणतो लॅबमधून."

"आई, ती सुई स्वच्छ नसेल, तर आत जंतू गेले असतील. डॉक्टर, भूल देणारे, सगळे कागद बघूनच ठरवणार."

"मग लिही तुला काय लिहायचं ते," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने भिंतीलाच म्हणाल्या, "सुई त्याने पुडक्यातून फोडून घेतली होती. तेवढं तरी बघितलं मी, डोळे मिटायच्या आधी."

लॅबमध्ये ती परतली तेव्हा पावणेपाच झाले होते. आता काय बघायचं नाही, हे तिला कळलं होतं. बोथट काड्या बाजूला ठेवायच्या. त्या परक्याच आहेत. पण मग गुडघा पेटला कशाने? जंतूंनी, की गर्दीच्या मागे आणखी कुणी दडलंय?

तिने मोकळ्या जागा सोडून एकेक पांढरी पेशी बघायला सुरुवात केली. ह्या पेशी म्हणजे घरातल्या कर्त्या बायका. दारात काही पडलेलं दिसलं की उचलायचं, गिळायचं, निस्तरायचं. पण खडा काही पचत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होते पेशीची. पोटात टोचत राहतं, मग ती फुटते, फुटताना बोंब मारते, ती ऐकून आणखी शंभर धावत येतात, त्याही गिळतात, त्याही फुटतात. ताप, सूज, लाली हे सगळं त्या आरडाओरड्याचं. खडा आपला जागच्या जागी.

शंभर पेशी झाल्या. दोनशे. मान आखडली. दूध भरून आलं होतं, ढबूच्या वेळेला शरीर चुकत नव्हतं. ती तशीच बसून राहिली.

सव्वापाचला एका पेशीच्या पोटात काहीतरी होतं. आखूड, जाड, कोपरे असलेलं, विटेच्या तुकड्यासारखं. इतकं फिक्कट की डोळा मिचकावला की हरवायचं. बाणाच्या दिशेने पडलेलं, आणि निळं. तिने काच हळूच फिरवली. निळं फिकं झालं, नाहीसं झालं, आणि आडवं झाल्यावर पिवळं उमटलं. उलटा रंग. कॅल्शियमचा खडा. ह्याला टोचून आत कुणी सोडलेलं नाही. हा सासूबाईंच्या स्वतःच्या गुडघ्यात, त्यांच्याच कूर्चेत, हाडांमधल्या मऊ गादीत, धरलेला.

की तिला हवा होता म्हणून दिसला? तिने डोळे मिटले, शंभर आकडे मोजले, उघडले. तो तिथेच होता. मग दुसरा सापडला. साडेपाचपर्यंत सात सापडले, सातही पेशींच्या आत.

तिने डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, काड्या, विटा आणि पुलापलीकडचा माणूस.

"एक्स-रेवर कूर्चेत बारीक पांढरी रेघ होती," डॉक्टर म्हणाले. "मी ती झिजेच्या खात्यात टाकली होती. रेघ खड्यांची आहे तर. पण तुम्ही माझी जंतूंची भीतीही वाढवलीत."

"मला कळत नाही, सर, मी तुम्हाला मदत केली की गोंधळ वाढवला."

"दोन्ही. असं करू. गुडघा उघडत नाही. सुईनेच पूर्ण रिकामा करतो. खड्यांसाठी सूज उतरवायचं औषध थोडं, हृदय सांभाळून. आणि जंतू वाढवून बघायचं कल्चर येईपर्यंत अँटिबायोटिक. रात्रीतून ताप चढला तर मग भूल. लेखी पाठवा सगळं."

लेखी. तिने कागद पुढे ओढला. आधी काड्यांबद्दल लिहिलं, मग सात विटांबद्दल. मग पेन उचललं आणि ठेवलं. शेवटी एका ओळीत लिहिलं, 'पाच आठवड्यांपूर्वी याच गुडघ्यात इंजेक्शन घेतल्याचं रुग्णाने सांगितलं. जंतुसंसर्ग नाही असं या तपासणीवरून म्हणता येत नाही.' खाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

नवरा सहाला कागद न्यायला आला. काउंटरपाशी उभा राहून त्याने पाकीट उघडलं. ढबू त्याच्या काखेत. त्याने वाचलं, मग परत वाचलं.

"हे कुणाचं? आईचं नाही हे. आईने कधी इंजेक्शन घेतलं?"

"आईंचंच आहे. त्यांना विचार. पण आज ओरडू नकोस."

"मी कधी ओरडतो?"

"ओरडत नाहीस. गप्प होतोस. ते त्याहून वाईट."

तो खरंच गप्प झाला. ढबूला तिच्या हातात दिलं आणि जिना उतरून गेला.

त्या रात्री ताप चढला नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर चादर टेकवता आली. तिसऱ्या दिवशी कल्चर आलं, त्यात जंतू नव्हते. ती बातमी तिनेच लॅबमधून आणली, आणि डॉक्टर फेरीला आले तेव्हा सगळे खोलीत होते.

"म्हणजे इंजेक्शनाने झालं नाही हे?" नवऱ्याने विचारलं. दोन दिवसांत आईशी तो औषधापुरतंच बोलला होता.

"बहुधा नाही. पोट बिघडलं, अंगातलं पाणी कमी झालं, त्यानेही हे खडे कधीकधी सुटतात."

"मग आधीपासून गुडघा झिजलेला, म्हणून खडे धरले?" तिने विचारलं.

"असंही होतं. आणि खडे धरले की कूर्चा जास्त झिजते, असंही. कोंबडी आधी की अंडं आधी. शिकलेली माणसं अजून भांडतायत त्यावर."

"नातीला उचलून उचलून झालं का?" नवऱ्याने विचारलं, आणि खोलीत सगळ्यांनी श्वास धरला. ढबू सोडून.

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं तर ते खोटं असेल. हे खडे विरघळवणारं औषध नाही. परत पेटेल तेव्हा लगेच या. आणि पुलापलीकडे नको."

ते गेल्यावर दोष द्यायची प्रत्येकाची तयारी होती, कुणी दुसऱ्याला, कुणी स्वतःला, पण तो कुठे नीट बसत नव्हता. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी दुपारची पाळी मागून घेतलीये. सकाळी ढबू माझ्याकडे."

"तुला जमेल का तिचं?" सासूबाई म्हणाल्या.

"झोळी कशी बांधायची ते शिकव."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "सात म्हणालीस ना? खडे?"

"सात मी मोजले. आत किती असतील कुणास ठाऊक."

"आण तिला इकडे."

तिने ढबूला उचललं आणि पलंगापाशी घुटमळली. कुठे ठेवायची, ठेवायची की नाही, आणि हे आता तिने ठरवायचं की सासूबाईंनी, काही समजेना. शेवटी डाव्या मांडीवर ठेवली. ढबू बसली, आजीच्या बांगडीशी खेळली, आणि मग सरकत सरकत उजवीकडे निघाली. तिघांनीही ते पाहिलं. सासूबाईंनी एक हात गुडघ्यावर आडवा धरला आणि दुसरा ढबूच्या पाठीवर ठेवला.